उष्ण मुलखांतील मोटारीचा हीटर

मराठवाड्यांत मोटारीला हीटर कशाला हवा, असा प्रश्न कोणीं विचारला तर तो वावगा म्हणतां येणार नाहीं. जालना जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, आणि दुपारच्या वेळीं उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावणेंहि कठीण होतें. अशा प्रदेशांत गाडीच्या आंत ऊब पुरविणारें साधन ही एक चैनच वाटावी. तरीहि या भागांत धांवणाऱ्या कित्येक जुन्या पिकअप गाड्यांमध्यें डॅशबोर्डाच्या मागें एक लहानसा हीटर बसविलेला असतो. वर्षांतले दहा-अकरा महिने त्याची कोणाला आठवणहि नसते. आणि मग एके दिवशीं पायांखालची चटई भिजवून तो आपलें अस्तित्व जाहीर करतो. या बिघाडाची मीमांसा केली असतां असें दिसून येतें कीं, दोष बहुधा हीटरचा नसून त्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा असतो. तेंच पाणी एंजिनांतूनहि वाहत असल्यामुळें भिजलेली चटई हा गाडीच्या मालकाला मिळालेला इशारा होय. तो वेळींच ओळखला तर थोड्या खर्चांत काम भागतें. न ओळखला तर एंजिन गमवावें लागतें.

अंबड तालुक्यांतील महाकाळा गांवाजवळचें अंकुशनगर हें ठिकाण या विषयाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना येथें आहे. दक्षिणेस गोदावरी वाहते. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें, आणि त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी या बाजूच्या शिवारांस मिळूं लागलें. त्यामुळें ऊंस वाढला, मोसंबीच्या बागा वाढल्या. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. धुळें–सोलापूर महामार्ग याच परिसरांतून जातो. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची कारखान्याकडे रीघ लागते. त्यांच्या बरोबरीनें मोसंबीचीं क्रेटें, खतांचीं पोतीं, यंत्रांचे सुटे भाग, तोडणीच्या टोळ्यांचें सामान वाहणाऱ्या लहान पिकअप गाड्याहि रात्रंदिवस चाललेल्या असतात. टाटांचें ४०७ हें लहान मालवाहू वाहन १९८६ सालीं आणि त्यांची टाटामोबाइल ही पिकअप १९८८ सालीं बाजारांत आली. तेव्हांपासून या वर्गाच्या गाड्या गांवोगांव पसरल्या. पंधरा-वीस वर्षें वापरलेली, दोन-तीन हातांतून गेलेली पिकअप हेंच अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचें एकमेव साधन असतें.

हीटर म्हणजे काय, हें समजण्यासाठीं एंजिनांतील उष्णतेचा हिशेब थोडा पाहिला पाहिजे. डिझेल किंवा पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. साधारण तितकाच भाग धुराबरोबर नळींतून बाहेर जातो, आणि उरलेल्यांतला बराचसा भाग एंजिनाच्या धातूला तापवितो. ही उष्णता काढून नेली नाहीं तर धातु फुगतो, तेल जळतें आणि दट्ट्या सिलिंडरांत घट्ट बसून एंजिन जागच्या जागीं थांबतें; यालाच मिस्त्री लोक एंजिन सीझ झालें असें म्हणतात. हें टाळण्यासाठीं सिलिंडरांच्या भोंवतीं पोकळ जागा ठेवून तींतून पाणी खेळविलेलें असतें. तापलेलें पाणी पुढच्या रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून जातांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें आणि पुन्हां एंजिनांत परत जातें.

ही योजना एकदम सिद्ध झालेली नाहीं. आरंभींच्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जाई, आणि वाटेंत वारंवार पाणी भरावें लागे. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, आणि थोड्या पाण्यांत पुष्कळ उष्णता बाहेर टाकण्याची युक्ति साधली. पुढें थंड देशांतील लोकांच्या मनांत असें आलें कीं, जी उष्णता आपण वाऱ्यावर सोडून देतों तिचाच थोडा अंश गाडींत कां घेऊं नये? एंजिनाच्या गरम पाण्याची एक शाखा आंत आणून तिच्यावरून हवा फुंकणारे हीटर यांतूनच निघाले. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ सालीं बाहेरची हवा गाळून, तापवून गाडींत सोडण्याची व्यवस्था केली; आजच्या हीटरचा सांगाडा मूलतः तोच आहे.

तेव्हां गाडींतील हीटर म्हणजे घरांतील विजेच्या शेगडीसारखी स्वतंत्र वस्तु नव्हे. तो एक छोटा रेडिएटरच असतो. साधारण एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या चौकटींत चपट्या, पातळ नळ्यांची एक जाळी असते. तिलाच इंग्रजी परिभाषेंत हीटर कोर आणि गॅरेजांतल्या बोलींत हीटरची कॉइल म्हणतात. एंजिनाकडून एक रबरी नळी गरम पाणी आणते, दुसरी तें परत नेते. पुष्कळ जुन्या गाड्यांत वाटेवर एक लहान व्हॉल्व्ह असतो. कळ ‘थंड’ बाजूस सरकविली कीं तो पाणी अडवितो. पुढच्या रेडिएटरच्या मानानें या जाळीच्या नळ्या अरुंद असतात, आणि ती माणसांच्या गुडघ्यांपाशीं, बंद पेटींत बसविलेली असते. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पुढील सर्व अनर्थाचें मूळ त्यांत आहे.

परंतु मूळ प्रश्न उरतोच. अंकुशनगरच्या चालकाला या हीटरचा उपयोग काय? पहिला उपयोग उबेचा नसून दृष्टीचा आहे. गळीत हंगामांतील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कालव्याच्या आणि नदीच्या कांठीं हवा गार व ओलसर असते. गाडींत तीन-चार माणसें बसलीं कीं त्यांच्या श्वासांतील बाष्प थंड कांचेवर जमतें आणि समोरचें दिसेनासें होतें. फडक्यानें पुसलेली कांच दोन मिनिटांत पुन्हां धुरकटते. हीटरची गरम, कोरडी हवा कांचेवर सोडली तर तें बाष्प निघून जातें. याच काळांत याच रस्त्यावर उंसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चाललेल्या असतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या मागें दिवा नसतो. कांच स्वच्छ असणें म्हणजे पुढच्या ट्रॉलीचा मागचा भाग वेळेवर दिसणें. तेथें प्रश्न सोयीचा राहत नाहीं, प्राणांचा होतो.

दुसरा उपयोग ऐकून पुष्कळांस नवल वाटेल, कारण तो भर उन्हाळ्यांतला आहे. चढावर भरलेली गाडी ओढतांना तापमानाचा कांटा तांबड्या खुणेकडे सरकूं लागला, तर जाणता चालक खिडक्या उघडतो आणि हीटर पूर्ण सोडतो. हीटर हाहि एक रेडिएटरच असल्यामुळें एंजिनाची थोडी उष्णता त्याच्या वाटेनें निघून जाते, आणि गाडी बाजूला घेऊन थांबविण्यापुरता अवधि मिळतो. आंत बसणारांना तेवढा वेळ भट्टींत बसल्यासारखें वाटतें खरें, परंतु एंजिन वांचतें. उष्ण मुलखांतहि हीटर धड असावा तो यासाठीं.

आतां तो बिघडतो कसा, हें पाहूं गेल्यास पहिला अपराधी पाणीच ठरतें. मराठवाड्याची भूमि बेसाल्ट नांवाच्या काळ्या पाषाणाची आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपून विहिरींत व बोअरमध्यें येणाऱ्या पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणाला फेस येत नाहीं, त्यास गृहिणी जड पाणी म्हणतात, तें हेंच. असें पाणी तापविलें कीं बायकार्बोनेटाचें विघटन होऊन न विरघळणारा कार्बोनेट तयार होतो आणि भांड्याच्या आंतल्या बाजूस पांढरें पुट धरतो. आंघोळीच्या पाण्याच्या बंबांत किंवा विजेच्या गीझरांत हें पुट कोणीहि पाहूं शकेल. गाडींत तर पाणी दररोज तापत असतें. कमी झालें कीं चालक हापशाचें वा बोअरचें पाणी वरून ओततो, म्हणजे प्रत्येक वेळीं क्षारांची नवी भर पडते. पाण्याची वाफ होऊन जाते; क्षार मात्र आंतच राहतात. पुढच्या रेडिएटरच्या नळ्या त्यामानानें मोठ्या असल्यामुळें तेथें कांहीं काळ निभावतें. हीटरच्या अरुंद नळ्या आधीं बुजतात.

दुसरा अपराधी गंज. एंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर ओतीव लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबें, पितळ आणि जोडकामाचें शिसें-कथील असे निरनिराळे धातु येतात. क्षारयुक्त पाण्यांत दोन भिन्न धातु एकत्र आले म्हणजे विद्युत्‌घटाचीच रचना होते, आणि त्यांतील दुर्बळ धातु हळूहळू झिजूं लागतो. लोखंडाचा तांबडा गंज गाळ बनून पाण्याबरोबर फिरतो. जोडकामाचें डाग पांढरट भुकटी होऊन सुटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळीला, विशेषतः पाण्यांत क्लोराइड असल्यास, सुईच्या अग्राएवढीं छिद्रें पडतात. गाडीच्या बॅटरीची अर्थिंगची तार सैल वा गंजलेली असली तर विजेचा प्रवाह पाण्यावाटे परतीचा मार्ग शोधूं लागतो, आणि हीं छिद्रें पडण्यास महिनेहि लागत नाहींत. नवी कॉइल बसवूनहि ती थोड्याच काळांत पुन्हां गळूं लागली, तर हुशार मिस्त्री प्रथम अर्थिंग तपासतो तें याच कारणानें.

तिसरें कारण या प्रदेशाचें खास आहे, आणि तें म्हणजे हीटर न वापरणें. व्हॉल्व्ह बंद असला कीं जाळींत गेलेलें पाणी तेथेंच अडकून पडतें. एंजिनांतील पाणी बदललें तरी हें कोंडलेलें पाणी तसेंच राहतें. फिरत्या पाण्याबरोबर गाळ वाहून जातो. साचलेल्या पाण्यांत तो तळाशीं बसतो आणि त्याच्या खालीं धातु सडूं लागतो. थंड देशांत हीटर सहा-सहा महिने वापरून झिजतो. येथें तो न वापरल्यामुळें कुजतो. शेवटीं डिसेंबरांत कोणी कळ सरकवितो, दाबाखालचें पाणी एकाएकीं आंत शिरतें, आणि वर्षभर पोखरलेली नळी फुटते. लोकांना वाटतें कीं हीटर चालू केला म्हणून बिघडला. वास्तविक तो कधींच बिघडलेला असतो, चालू केल्यावर तें उघडकीस येतें एवढेंच.

याच अंकुशनगरांत पाण्याविषयींच्या दक्षतेचा धडाहि जवळच पहावयास मिळतो. कोणताहि साखर कारखाना बॉयलरच्या वाफेवर चालतो. बॉयलरच्या नळीला आंतून क्षारांचा पातळसा थर बसला तरी आगीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोंचत नाहीं, नळीचा धातु मर्यादेपलीकडे तापतो, आणि ती फुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून साखर कारखान्यांत रस आटविण्यासाठीं वापरलेल्या वाफेचें जें शुद्ध पाणी परत मिळतें, तेंच शक्य तों बॉयलरला देतात. बाहेरचें पाणी घालावें लागलें तर आधीं त्याचा जडपणा काढून टाकतात, आणि प्रयोगशाळेंत त्याची नित्य परीक्षा होते. रस आटविण्याच्या भांड्यांच्या नळ्याहि ठराविक काळानें कॉस्टिक सोड्यानें उकळून स्वच्छ कराव्या लागतात. बॉयलरच्या सुरक्षिततेसाठीं तर १९२३ सालीं स्वतंत्र कायदाच झाला. पिकअप गाडीचें एंजिन आणि बॉयलर यांच्या आकारांत मोठा फरक असला, तरी तापलेल्या धातूला लागून वाहणाऱ्या पाण्याचा नियम दोहींना एकच आहे. कारखान्याच्या आंत पाण्याचा थेंबन् थेंब पारखला जातो. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाडींत मात्र मिळेल त्या डब्यानें मिळेल तें पाणी ओतलें जातें.

बिघाडाचीं लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. पहिलें लक्षण म्हणजे पाणी कमी होत जातें, पण गाडीखालीं कोठेंहि थेंब दिसत नाहीं. दुसरें, पुढच्या बैठकीखालची चटई किंवा तिच्या खालचें अस्तर ओलें लागतें. तिसरें, हीटर लावतांच गोडसर, पाकासारखा वास येतो. चौथें, समोरच्या कांचेवर आंतून तेलकट पापुद्रा बसतो, आणि तो पुसला तरी चट्टे राहतात. वातानुकूलनाची नळी तुंबूनहि चटई भिजते, आणि पावसाळ्यांत बोनेटामागच्या फटींतून पाणी आंत येतें. म्हणून ओल दिसली कीं पांढरा कागद टिपून पहावा. साधें पाणी वाळून जातें. कूलंटाचा रंग आणि बुळबुळीतपणा कागदावर उरतो. चव घेऊन मात्र कधींहि पाहूं नये. कारण पुढें येईलच.

गळती नसून नळ्या बुजल्या असतील तर परीक्षा निराळी. एंजिन पुरतें तापल्यावर हीटर सोडावा, आणि पंख्यापासून हात दूर ठेवून त्याच्या दोन्ही रबरी नळ्यांना सावधपणें बोट लावून पहावें. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरत आहे. एक गरम व दुसरी गार असेल तर जाळी बुजली आहे किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी आहे, आंत हवा कोंडली आहे, किंवा एंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे. एवढी परीक्षा करून मग गॅरेजमध्यें जाणारा मालक विनाकारण डॅशबोर्ड उकलण्याच्या खर्चांतून वांचतो.

या लक्षणांकडे दुर्लक्ष केल्यास दोन आपत्ति संभवतात. चालत्या गाडींत जाळी एकदम फुटली तर ९० अंशांच्या आसपासचें पाणी बैठकींतल्या माणसांच्या पायांवर येतें, आणि वाफेनें क्षणांत कांच आंधळी होते. दुसरी आपत्ति मूकपणें येते. गळतीनें पाण्याची पातळी इतकी उतरते कीं, तापमान दाखविणारा संवेदक पाण्याबाहेर, नुसत्या हवेंत राहतो. कांटा शांत असतो आणि एंजिन भाजून निघत असतें. सिलिंडर हेड वांकतें, गॅस्केट जळतें, पाणी तेलांत मिसळतें. जें काम एका कॉइलच्या किंमतींत झालें असतें, त्यासाठीं एंजिन उतरवावें लागतें. आणि तें ऐन हंगामांत झालें म्हणजे गाडीच्या भाड्यावर जगणाऱ्या कुटुंबाचें वर्षच बुडतें.

अडल्या वेळीं केल्या जाणाऱ्या उपायांविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. रेडिएटर गळूं लागला कीं त्यांत हळदीची पूड टाकण्याची पद्धत आपल्याकडे चालकांत जुनी आहे. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत छिद्रापाशीं अडकतात आणि गळती तात्पुरती थांबते, हें खरें आहे. परंतु छिद्र कोणतें आणि नळीचें तोंड कोणतें, हें हळदीला कळत नाहीं. जे कण मोठ्या रेडिएटरचें भोंक बुजवितात, तेच हीटरच्या अरुंद नळ्याहि बुजवितात. बाजारांतील गळतीरोधक औषधांचाहि प्रकार बहुतांशीं हाच. आडरानांतून घरीं पोंचण्यापुरता त्यांचा उपयोग करावा, आणि पोंचल्यावर सर्व पाणी काढून वाटा धुऊन घ्याव्यात.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे हीटर तोडून टाकणें. गळकी कॉइल जागेवरच ठेवून तिच्या दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून देतात. पाण्याचा मार्ग चालू राहत असल्यामुळें गाडी चालते, आणि पैशांची तंगी असतां हा उपाय निंद्य म्हणतां येत नाहीं. मात्र नळ्या जोडण्याऐवजीं त्यांच्या तोंडांत खुंट्या मारून त्या बंद करूं नयेत. कांहीं एंजिनांत थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वीं पाणी खेळतें राहण्याची वाट हीटरच्या नळींतूनच असते, आणि ती बंद झाल्यास एंजिनाचा कांहीं भाग विषम तापतो. शिवाय हीटर तोडल्यानें पाण्याचा दोष जात नाहीं. आज हीटर गळला. उद्यां तेंच पाणी रेडिएटर आणि वॉटर पंप यांची तीच गत करील.

नुसत्या बुजलेल्या जाळीवर सौम्य उपाय आहे. दोन्ही नळ्या सोडवून बागेच्या नळीनें, बेताच्या दाबानें, नेहमींच्या उलट दिशेनें स्वच्छ पाणी सोडावें; गाळ ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें बाहेर पडतो. दाब अधिक दिला तर जुनी जाळी फुटते. गळक्या कॉइलला मात्र नवी कॉइल हाच उपाय. जुन्या साध्या गाड्यांत ती डॅशबोर्डाखालीं सुट्या पेटींत असते आणि थोड्या वेळांत निघते. नव्या धर्तीच्या गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि वस्तूपेक्षां मजुरी अधिक होते. म्हणून एकदां उघडलें कीं नळ्या आणि क्लिपाहि त्याच वेळीं बदलणें शहाणपणाचें.

खरा उपाय याच्याहि आधींचा आहे, आणि तेथें एक गैरसमज आड येतो. एथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव १९२७ सालीं अमेरिकेंत ‘प्रेस्टोन’ या नांवानें मोटारींसाठीं विकला जाऊं लागला, तो पाणी गोठूं नये म्हणून. पाण्यांत तो निम्म्यानें मिसळला तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीं. येथें पाणी गोठतच नाहीं, मग हा खर्च कशाला, असा विचार करून पुष्कळ मालक साध्या पाण्यावर भागवितात. परंतु कूलंट म्हणून जें मिश्रण मिळतें, त्यांत ग्लायकॉलबरोबर गंजरोधक द्रव्येंहि असतात, आणि उष्ण मुलखांत महत्त्व आहे तें त्यांनाच. शिवाय ग्लायकॉलमुळें पाण्याचा उत्कलनबिंदु वर जातो, हा उन्हाळ्यांत मिळणारा दुसरा लाभ. रेडिएटरच्या दाबाच्या झांकणाचेंहि कार्य असेंच आहे. दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो दाब धरणारें झांकण साध्या पाण्याचा उत्कलनबिंदु १२० अंशांच्या जवळ नेतें. म्हणूनच तापलेलें झांकण उघडूं नये. दाब सुटतांच १०० अंशांवरचें पाणी तत्क्षणीं उसळून वाफ होतें, आणि चेहरा व हात भाजतात. वरून फडकें टाकल्यानें हा धोका टळत नाहीं. एंजिन निवेपर्यंत थांबणें हाच मार्ग.

गंजरोधक द्रव्यें कालांतरानें खर्च होतात. जुन्या पद्धतीचें हिरवें कूलंट साधारणपणें दोन वर्षांनीं बदलावें लागतें. तें रंगानें ताजें दिसलें तरी गुणानें निःसत्त्व झालेलें असतें. निरनिराळ्या जातींचीं कूलंटें एकमेकांत मिसळूं नयेत. आणि मिश्रणासाठीं बोअरचें पाणी न घेतां, बॅटरींत घालतात तें ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें. नाहींतर औषध घेऊन कुपथ्य केल्यासारखें होतें.

घरांतील मंडळींनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, एथिलीन ग्लायकॉल हें विष आहे. त्याची चव गोड असते, आणि तोच त्याचा धोका. शरीरांत गेल्यावर त्याचें रूपांतर ऑक्झॅलिक अम्लांत होतें, त्याचे खडे मूत्रपिंडांत जमतात आणि तीं निकामी होतात. म्हणून काढलेलें कूलंट अंगणांत किंवा गटारांत सोडूं नये, पाण्याच्या बाटलींत तर मुळींच भरून ठेवूं नये. लहान मूल, कुत्रें किंवा वाहनतळावर सोडलेला तहानेला बैल त्या डबक्याकडे वळूं शकतो. कोणाच्या पोटांत गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. वेळेवर उपचार झाल्यास प्राण वांचतात.

जुन्या गाडीच्या मालकानें करावयाच्या गोष्टी एकंदर थोड्याच आहेत. थंड एंजिनावर आठवड्यांतून एकदां पाण्याची पातळी पहावी, आणि ती वारंवार उतरत असेल तर नुसतें पाणी न ओततां कारण शोधावें. महिन्यांतून एकदां, मग तो मे महिना कां असेना, दहा मिनिटें हीटर सोडावा, म्हणजे कोंडलेलें पाणी हलतें आणि व्हॉल्व्ह अडकत नाहीं. दोन वर्षांनीं कूलंट बदलतांना हीटर उघडा ठेवूनच वाटा धुवाव्यात. रबरी नळ्या दाबून पहाव्यात. फुगलेल्या किंवा चिरलेल्या असतील तर हंगामापूर्वींच बदलाव्यात. अर्थिंगची तार घासून आवळून घ्यावी. शहरांतील कुटुंबांच्या मोटारींनाहि यांतलें प्रत्येक पथ्य लागू आहे. कारण अंकुशनगरच्या पिकअपमध्यें आणि त्यांच्या गाडींत फिरणारें पाणी एकाच नियमानें वागतें. दिवाळीच्या सुमारास, गळीत सुरू होण्यापूर्वीं, एक सकाळ या कामीं खर्च केली तर चालकाला पहाटेच्या रस्त्यावर पुढची दिवा नसलेली ट्रॉली वेळेवर दिसेल.